तिथीची पाऊणपट

समुद्रकिनाऱ्याचा चांगला फोटो काढणं फार सोपं असतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुणीही, कसलाही फोन घेऊन पाण्याकडे तोंड करून उभं राहावं. सूर्य, ओली वाळू आणि एखादी होडी आपापली कामं चोख बजावतात. कोकणात जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे असे फोटो ढिगानं असतात आणि ते सगळे एकमेकांसारखे असतात. आंजर्ल्याचा सूर्यास्त कुठला आणि आरे-वारेचा कुठला, हे वर्षभरानंतर काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझ्याकडेही आहेत. अजूनही मोह झाला की काढते, पण ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. त्या फोल्डरला 'नातेवाईक' असं नाव दिलं आहे, कारण मागणारे तेच.

मी ज्या फोटोंविषयी लिहिते आहे ते दिसायला अगदी सुमार आहेत. आंजर्ल्याच्या पुळणीवर, चिऱ्याच्या एका गडग्याच्या कोपऱ्याला टेकून, दक्षिणेकडे तोंड करून, एकाच भिंगानं काढलेले. डावीकडे माडांची कड, उजवीकडे पाणी, मधे वाळू. लांब टोकाला हर्णैची भुई आणि पाण्यात सुवर्णदुर्गाची चपटी रेघ. माणसं असलीच तर मुंगीएवढी. एकेका फोटोत काहीही घडत नाही. दहा-वीस शेजारी शेजारी मांडले की मात्र घडायला लागतं, आणि त्याचीच मला चटक लागली आहे.

आंजर्लं माझं आजोळ. जोग नदीच्या खाडीच्या उत्तर अंगाला गाव, खाडीपलीकडे पाजपंढरी, मग हर्णै. घरात आता मामेभाऊ आणि वहिनी असतात. मी पुण्याहून येते, बॅग टाकते, चहा घेते आणि तिपाई खांद्यावर मारून पुळणीकडे निघते. वहिनीला हे खूळ वाटतं आणि ती ते लपवतही नाही. "वन्सं, अहो मागच्या खेपेच्यात नि याच्यात निराळं असं काय असतं?" प्रश्न बिनतोड आहे. एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत बहुतेक वेळा काहीच निराळं नसतं.

सुरुवात झाली ती मामाच्या एका फोटोपायी. मामाकडे आगफा क्लिक थ्री होता, एका रोलात बारा चौकोनी फोटो देणारा तो काळा डबा. रोल महाग, त्यामुळे समुद्राचा म्हणून कुणी फोटो काढत नसे. माणसांचा काढत आणि समुद्र मागे फुकट यायचा. तसाच हा. आजी, दोन मावश्या आणि परकरातली एक मुलगी (ती मीच, असं घरातले ठामपणे म्हणतात) किनाऱ्याच्या लांबीवर ओळीनं उभ्या, सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक झालेले. घराच्या दृष्टीनं तो आजीचा फोटो. मला त्यात आजीच्या खांद्यावरून मागे दिसतं ते बघायचं असतं. मागे वाळू आहे. नुसती मोकळी, रुंद, थेट माडांपर्यंत गेलेली वाळू. आज तिथे सुरूची उंच झाडं आहेत आणि गावातली पोरं ती जन्मापासून तिथेच असल्यासारखी बोलतात. एका अर्थी बरोबरच आहे, त्यांच्या जन्माच्या आधीपासून ती आहेत. पण सुरू हा इथला नव्हेच. बाहेरून आणलेलं हे झाड हिंदुस्थानात १८६८ साली कारवारला लावलं गेलं, तेही आगगाडीच्या इंजिनांना जळण हवं म्हणून. किनाऱ्यांवर वाळू धरून ठेवायला ते नंतर आलं. आजीच्या फोटोतला किनारा सुरूच्या आधीचा आहे.

तो फोटो नेमका कुठून काढला, हे मला शोधायचं होतं. झाडं बदललेली, घरं बदललेली, वाळूवर तर खूण राहतच नाही. शेवटी मच्छीमारांची रीत वापरली. भर समुद्रात जाळं टाकायची जागा ते दोन खुणा एका रेषेत आणून धरतात: अमक्या डोंगराचं टोक तमक्या बुरुजावर आलं की झालं. मामाच्या फोटोत हर्णैच्या भुईची एक खाच आणि सुवर्णदुर्गाचं एक टोक यांच्यात जेवढी फट होती, तेवढीच फट दिसेपर्यंत मी पुळणीवर मागेपुढे सरकत राहिले. चार पावलं पुढे गेलं की फट मिटायची, मागे आलं की उघडायची. जिथे जुळली तिथून हाताच्या अंतरावर चिऱ्याचा गडगा होता. मामाच्या वेळी तो नव्हता. तिथेच मी ठाण मांडलं.

जागा ठरली, दिशा ठरली, भिंग ठरलं. उरली वेळ, आणि खरी गोम तिथेच आहे. डोंगराचा किंवा देवळाचा फोटो रोज सकाळी आठला काढला तर भागतं. समुद्राला आपल्या घड्याळाशी देणंघेणं नाही. भरती रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी आठला पाणी गडग्याजवळ असेल, तर आठवड्यानं त्याच आठला ते खाली, ओल्या वाळूच्या पार कडेला. घड्याळ धरून काढलेले असे दोन फोटो शेजारी ठेवले आणि एखाद्यानं किनारा वाढला म्हणून पेढे वाटले किंवा बुडाला म्हणून हंबरडा फोडला, तर दोन्ही सारखंच हास्यास्पद.

आजीला हे घड्याळाशिवाय ठाऊक होतं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. पाच-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, पण खाडीत तिसऱ्या काढायला उतरणाऱ्या बाईला तेवढं पुरतं आणि मलाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा त्याचा जीव थोडक्यात. मी पौर्णिमा धरली. सव्वाअकराची भरती म्हणजे सव्वापाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. वाळू जितकी उघडी पडायची तितकी पडलेली, आणि उजेडही शिल्लक. तारीख बदलते, वार बदलतो, ऋतू बदलतो, पाणी मात्र बरंचसं त्याच पायरीवर सापडतं. नोकरीत होते तोवर याचा त्रास फार झाला. पौर्णिमा मंगळवारी आली तर रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं? 'घरगुती' हा शब्द त्यासाठीच असावा.

मौज अशी, की आकाशातून किनाऱ्यांवर नजर ठेवणारे उपग्रह घड्याळवाल्यांच्या पंथाचे आहेत. लँडसॅटचा एकेक उपग्रह दर सोळा दिवसांनी पृथ्वीच्या त्याच तुकड्यावरून जातो आणि दर वेळी तो सकाळी साधारण एकाच वेळेला येतो. उजेड दर वेळी सारखा हवा म्हणून तशी कक्षा आखलेली असते. त्यामुळे सावल्या जुळतात, पाणी जुळत नाही. कधी भरती, कधी ओहोटी. शास्त्रज्ञांना मग भरतीची गणितं मांडून प्रत्येक चित्रातली पाण्याची रेघ मागे-पुढे सरकवावी लागते. माझ्याकडे उपग्रह नाही, भिंतीवर कालनिर्णय आहे, आणि या एका बाबतीत मला तो जास्त सोयीचा पडतो.

पण पाण्याची पायरी साधली तरी पायाखालची साधत नाही, हे पावसाळ्यात कळतं. जूनमध्ये लाटा वाढल्या की किनाऱ्यावरची वाळू ओढली जाते आणि थोड्या आत, पाण्याखाली, तिचा लांबट बांध तयार होतो. लाटा त्या बांधावर फुटायला लागतात, म्हणजे एका परीनं किनारा स्वतःचीच वाळू पुढे करून स्वतःला वाचवतो. पाऊस ओसरला, समुद्र निवला की तीच वाळू हळूहळू परत चढते. माघ-फाल्गुनापर्यंत पुळण पुन्हा ऐसपैस. हे दर वर्षी होतं. मी उभी राहते त्या गडग्याचे फेब्रुवारीत दोन थर वाळूबाहेर असतात, ऑगस्टमध्ये चार. म्हणजे तिपाई तीच, कोपरा तोच, पण मी दोन चिरे खाली गेलेली असते. फोटोत क्षितिज तेवढंच राहतं आणि वाड्यांचे बांध एकाएकी उंच झाल्यासारखे वाटतात. आता मी तिपाईचे पाय चिऱ्यांच्या हिशेबानं लांबवते. गडगा हीच माझी मोजपट्टी. बांधणाऱ्यानं तो गुरं आत येऊ नयेत म्हणून बांधला होता.

ऑगस्टचा फोटो आणखी एका कारणानं ओळखू येतो. तो काळा असतो. आभाळामुळे असतोच, पण वाळूही काळी पडलेली असते. हलके कण आणि शिंपल्यांचा चुरा लाटांनी नेलेला, वजनदार काळे कण मागे राहिलेले. ओंजळीत घेतली तर हाताला जड लागते, आणि ओल्या तळव्यावरून ती झटकली तरी सुरम्यासारखी रेषांत भरून राहते. या दिवसांत काम जिकिरीचं. पाऊस नसला तरी वारा खारा, भिंगावर अर्ध्या मिनिटात दहिवरासारखा थर. आजोबांचा एक जुना, धुऊन धुऊन विरलेला पंचा मी त्यासाठी ठेवला आहे. दुकानातली कापडं मीठ पुसत नाहीत, फिरवतात. कॅमेरा घरी आणल्यावर डब्यात बंद करावा लागतो, नाहीतर कोकणातली बुरशी भिंगाच्या आत बारीक जाळं विणते. एका जुन्या भिंगात ते आहे. त्यातून काढलेला समुद्र कायम सकाळचाच वाटतो.

समुद्राच्या फोटोत लबाडीची परंपरा मोठी जुनी आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानं १८५६-५७ च्या सुमारास काढलेली समुद्राची चित्रं पाहून लोक थक्क झाले होते, कारण त्यांत लाटा आणि ढग दोन्ही स्पष्ट होते. तेव्हाच्या काचांना निळा रंग फार लवकर लागायचा. समुद्र नीट आला की आभाळ कोरं पांढरं. ल ग्रेनं त्यातल्या काही चित्रांत समुद्राची काच वेगळी आणि आभाळाची वेगळी घेऊन क्षितिजावर जोड दिला होता. म्हणजे ती लाट ज्या ढगाखाली दिसते त्या ढगाखाली ती कधी फुटलीच नसेल. चित्रं अप्रतिम आहेत, त्याबद्दल वाद नाही. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यानं १९८० पासून जगभरचे समुद्र काढले, सगळे कृष्णधवल, क्षितिज बरोबर मधोमध, ना होडी ना माणूस ना पक्षी. आदिमानवानं पाहिलं असेल तेच आपल्याला पाहता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. ती मालिका मी तासन्तास बघू शकते. पण तिच्यात किनारा नाही. त्यानं तो काढूनच टाकला आहे, आणि त्याच्या दृष्टीनं ते रास्त आहे, कारण न बदलणारं काही हवं असेल तर पहिल्यांदा किनाराच वगळावा लागतो.

मला जवळचे वाटतात ते सिडनीच्या उत्तरेकडचे लोक. तिथल्या नॅराबीन किनाऱ्याची मोजणी १९७६ पासून चालू आहे. अँड्र्यू शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली तेव्हा साधनं म्हणजे दोन काठ्या, दोर आणि क्षितिज. एक काठी पुढे, एक मागे, डोळा मागच्या काठीशी धरून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं आणि मागच्या काठीवर किती उतार पडला ते वाचायचं. क्षितिजाहून सरळ रेघ दुसरी कुठली मिळणार? महिन्यामागून महिने हे केल्यावर त्यांना दिसलं की तो किनारा नुसता रोडावत-सुटत नाही, तो वळतो. काही वर्षं वाळू एका टोकाकडे साठते, काही वर्षं दुसऱ्या, आणि या हेलकाव्याचा धागा पॅसिफिकमधल्या एल निनो-ला निनाशी जाऊन भिडतो. दोन-चार वर्षं मोजून कुणी थांबलं असतं तर उत्तरेकडच्या घरवाल्याला किनारा खचताना दिसला असता, दक्षिणेकडच्याला वाढताना, आणि दोघंही आपापल्या जागी खरे ठरले असते. २०१७ मध्ये त्याच भागात कोस्टस्नॅप नावाचा उद्योग सुरू झाला: किनाऱ्यावर एका खांबावर फोन ठेवायची खोबण, येणाऱ्या-जाणाऱ्यानं फोन त्यात बसवायचा, फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. खोबण हलत नाही, त्यामुळे माणूस कुठलाही असला तरी चालतो. हे मला फार आवडलं. हजारो लोकांनी एकच कंटाळवाणा फोटो काढायचा.

आपल्याकडेही मोजणी झाली आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातली उपग्रहचित्रं तपासून भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा हिशेब मांडला: ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे, २६.९ टक्के वाढतो आहे, उरलेला साधारण जिथल्या तिथे. आकडे महत्त्वाचे आहेत आणि मी ते वाचतेही. पण गडग्याला टेकून उभं राहिलं की ते तेहतीस टक्के कुठे आहेत ते दिसत नाही. या पुळणीचं खाडीकडचं टोक आणि मधला भाग एकसारखे वागत नाहीत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कधी इकडे, कधी तिकडे. होड्या आत-बाहेर करताना तांडेल शिव्या घालतात तो हाच. टक्केवारीत ती शिवी येत नाही.

गावाची स्वतःची नोंद याहून जुनी आहे. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पूर्वी कड्यावर नव्हता, खाली किनाऱ्याशी होता, असं सांगतात. समुद्र आत आला, देऊळ पाण्यात जायला लागलं, तेव्हा देव उठला आणि डोंगरावर गेला. जाताना टेकलेल्या पावलाची खूण अजून दाखवतात. मी भाविक आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवते; पण देवालासुद्धा हलावं लागलं, असं ज्या गावाला सांगावंसं वाटतं, त्या गावानं समुद्र कधीतरी जवळून पाहिला असणार. उत्तरेला केळशीत भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचे थर अभ्यासून ती एका त्सुनामीशी जोडली. १५२४ मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळजवळच्या समुद्रात हादरे बसल्याची नोंद आहे, तिचा दाखला या संदर्भात दिला जातो. सगळ्या अभ्यासकांचं यावर एकमत नाही. त्यापुढे माझी पौर्णिमांची माळ म्हणजे फारच अलीकडचा कारभार. वरच्या देवळाच्या आवारातूनही मी फोटो काढते. उंचावरून पुळण, माड, किल्ला सगळं एका नजरेत येतं आणि लोकांना तेच फोटो आवडतात. मला त्यात थर मोजता येत नाहीत म्हणून ते दुय्यम.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं. तडाखा दापोली-मंडणगडलाही बसला. माड आणि पोफळी नुसत्या मोडल्या नाहीत, मुळासकट आडव्या झाल्या. माझ्या फोटोच्या डाव्या कडेला एक माड होता, पाण्याकडे कललेला. चौकट लावताना मी त्याचं खोड बरोबर कडेला टेकवत असे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. तो गेला. मी तेव्हा पुण्यात अडकलेली, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागायचा. आठवड्यानं वीज-नेटवर्क थोडं सुरू झाल्यावर भाचीनं व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला: उभा, धूसर, एका कोपऱ्यात तिचं बोट. त्या वर्षातल्या मधल्या महिन्यांचं माझ्याकडे एवढंच आहे. पुढे गेले तेव्हा चौकट कशाला टेकवायची हा प्रश्न पडला. सुवर्णदुर्ग होताच, पण तो लांब. जवळची खूण गेली की हात चुकतो. शेवटी गडग्याचाच एक बाहेर आलेला चिरा धरला. तोही एक दिवस कुणीतरी बांधकामाला उचलेल.

जे माझ्या फोटोत येतच नाही त्याबद्दलही सांगायला हवं. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, पण रात्री. सकाळी फक्त माग दिसतो, पाण्यातून वर येणारा एक आणि परत जाणारा दुसरा, वल्ह्यासारख्या पायांनी दोन्ही बाजूंना मारलेले फटकारे. पुढच्या भरतीला तो गेला. जानेवारी २०२२ मध्ये इथे येऊन गेलेल्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव सावनी ठेवलं, आणि मग काही काळ ती समुद्रात कुठे आहे हे घरबसल्या कळत होतं. माझी साडेपाचची वेळ या सगळ्याला सोयीची नाही. पुळणीवर अंड्यांसाठी जाळीचं कुंपण घातलं की ते तेवढं फोटोत येतं, एक चौकोन. जिथे अंडी पुरलेली असतात ती पट्टी म्हणजे भरतीच्या रेघेच्या वर, मर्यादवेलीच्या आसपासची कोरडी वाळू. नेमकी तीच पट्टी आता सगळ्यांना हवी आहे. पर्यटकाला गाडी लावायला, दुकानदाराला टपरी टाकायला, बागायतदाराला बंधारा बांधायला. नाताळच्या आसपासच्या फोटोंत अलीकडे वाळूवर टायरांचे पट्टे असतात, इकडून तिकडे, आठच्या आकाराचे. चार लाखांची की चौदा लाखांची गाडी, समुद्राच्या पाण्यात घालून तिची आतून वाट लावायची आणि वर पैसे खर्च करून ट्रॅक्टरनं ओढून काढायची, यात कसली मजा आहे हे मला कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

बंधाऱ्यावरून आठवलं. गेल्या उन्हाळ्यात गावातले एक बागायतदार घरी आले. माझ्या चौकटीत गडग्यापासून पुढे ज्या वाड्या दिसतात त्यातली एक त्यांची. "ताई, तुमच्याकडे आपल्या पुळणीचे बरेच फोटो आहेत म्हणे. अर्जाला जोडायला एक हवा होता." धूपप्रतिबंधक बंधारा मागायचा होता. पडवीत लॅपटॉप उघडला. ऑगस्टचा फोटो बघून ते खूश झाले: काळी वाळू, उघडे चार थर, पाण्याचा फेस जवळ. मग मी त्याच वर्षीचा फेब्रुवारीचा लावला. रुंद, निवांत, उन्हातली पुळण. त्यांनी तो दोन सेकंद बघितला. "हा नको." कासवांचं काम करणारी मुलं मागे याच पडवीत बसली होती. बंधारा आला तर कासव चढणार कुठून, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि त्यांना हाच हवा होता. दोन्ही फोटो खरे, दोन्ही पौर्णिमेचे, दोन्ही साडेपाचचे.

मी तसं बागायतदारांना म्हटलं. वाळू पावसाळ्यात जाते आणि नंतर येते, ऑगस्टचा जोडलात तर कुणीही फेब्रुवारीचा पुढे करेल. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "वाळू येते हो परत. आम्ही काय आज बघतोय? ती येणारच." मग स्क्रीनच्या डाव्या कडेला बोट ठेवून म्हणाले, "हे येतं का परत?" बोटाखाली माडांची कड होती. मी इतकी वर्षं पाणी आणि वाळू यांच्या मधली रेघ बघत आले. त्यांना तिच्यात काडीचाही रस नव्हता. त्यांची रेघ वाळू आणि हिरवळ यांच्या मधली.

मग आम्ही ऑगस्टचे सगळे बाजूला काढले. फक्त फेब्रुवारीचे ठेवले, वाळू भरलेली असते तेव्हाचे, एकाखाली एक. त्यांच्या पंपाच्या खोलीपासून गडग्याच्या कोपऱ्यापर्यंत पुढच्या रांगेतले माड मोजायला घेतले. सुरुवातीच्या फोटोंत रांग सलग होती. पुढे एकेक खिंड पडत गेलेली. ते प्रत्येकाचा हिशेब सांगत होते. हा अमक्या उधाणात गेला, मुळं दोन वर्षं उघडी होती. हा त्याच्या पुढच्या. एका जागी थांबले. "हा नाही. हा समुद्रानं नाही नेला. सोंड्या भुंगा लागला होता, मीच तोडला."

"मग वगळते."

"वगळा." थोडं थांबून, "नाही, पण मुळात खारं पाणी लागून अशक्त झाला म्हणून भुंगा आला ना?"

यावर बराच खल झाला. त्याला कंसात टाकायचं ठरलं. पुढे २०२० ची पाळी आली आणि तिथे गाडं पुरतं अडलं. वादळात गेलेले माड वाऱ्याच्या खात्यावर मांडायचे की समुद्राच्या? सरकारनं वादळाची नुकसानभरपाई दिली होती, मग तेच माड पुन्हा या अर्जात धरणं बरं दिसेल का, हा त्यांचा मुद्दा. माझा मुद्दा असा, की मागची रांग उभी राहिली आणि पुढचीच पडली, ती मुळं उघडी नसती तर टिकली नसती का. वहिनी चहा घेऊन आली ती ट्रे तसाच हातात धरून आमच्या मागे उभी राहिली आणि स्क्रीनवर वाकली.

"वन्सं, तो कडेचा तिसरा आमचा आहे हो," ती म्हणाली. "तो यांच्या यादीत कशाला धरताय?"